कुरणातली शिट्टी

बुद्धप्रिया बनसोडे चौथीला माझ्या वर्गात आली आणि तिची एक सवय माझ्या लगेच ध्यानात आली. उत्तर येत नसलं की बाकीची मुलं मान खाली घालायची, दप्तरात काहीतरी शोधायची, शेजारच्याला कोपर मारायची. ही उभी राहायची आणि म्हणायची, "न्हाय येत, गुरुजी." मग शांतपणे खाली बसायची. त्या बोलण्यात लाज नसायची, उद्धटपणाही नसायचा. पुढं ती आमच्या गावाहून, बोरवंडीहून, सायकलवर मोडनिंबच्या शाळेला जाऊ लागली, बारावी झाली. रस्त्यात मी दिसलो की सायकलवरून खाली उतरून बोलायची. चालत्या सायकलवरून हात हलवून पुढं जाणं तिला कधी जमलं नाही.

तिचे वडील ती लहान असतानाच गेले. आई पारूबाई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. सोलापूरच्या कॉलेजात जायचं आणि पुढं वनरक्षकाच्या भरतीला बसायचं, असं बुद्धप्रियानं मनाशी ठरवलं होतं. कॉलेज म्हणजे खर्च आला, आणि त्याची सोय घरात नव्हती.

ती सोय बारावीनंतरच्या उन्हाळ्यात होईलसं दिसलं. गावाच्या पश्चिमेला वनखात्याचं मोठं कुरण आहे. फाल्गुन सरला की तिथलं गवत इतकं वाळतं की चालताना पायाखाली पापड मोडल्यासारखं वाजतं. त्या वर्षी सरकारी योजनेतून गावातल्या गरीब घरच्या, शिकणाऱ्या पोरांना उन्हाळाभर कुरणाच्या राखणीचं काम मिळालं. पाणवठ्यात पाणी सोडायचं, धुरावर नजर ठेवायची, जाळरेषा साफ ठेवायची. जाळरेषा म्हणजे थंडीतच मुद्दाम गवत जाळून मोकळा केलेला रुंद पट्टा. आग लागलीच तर तिनं तिथं थांबावं, यासाठी तो असतो. काम मिळालेल्या पोरांत बुद्धप्रिया एकटी मुलगी होती.

"पोरीच्या जातीनं माळावर एकटं बसायचं?" पारूबाई म्हणाली. "लोक काय म्हणतील?"

"लोक मला कॉलेजात घालणार हायत का, आये?"

दुसऱ्या दिवशी तिनंच भाकरी बांधून दिली.

कुरणाचा वनरक्षक अमरेश हा अक्कलकोटच्या बाजूचा. तिशीतला, उंच, रागावला की कानडीत शिरणारा. पोरं त्याला दादा म्हणत, तो बुद्धप्रियाला 'तंगी' म्हणे, म्हणजे धाकटी बहीण. पहिल्याच दिवशी त्यानं सगळ्यांना उभं करून सांगितलं, "कुरणात जनावर घालायचं नाही. बिडी पेटवायची नाही. मनोऱ्यावर ज्याची पाळी, त्यानं मला विचारल्याशिवाय खाली उतरायचं नाही. यातलं एक मोडलं की दुसऱ्या दिवशीपासून यायचं नाही."

"जेवायचं तरी हाय का, दादा?" युवराजनं विचारलं. हा बुद्धप्रियाच्याच वर्गातला, गरीब घरचा, पण जिभेनं श्रीमंत.

"तू मुकाट्यानं जेवणार असशील तर जेव."

लोखंडी मनोऱ्यावरची दुपारची पाळी कुणालाच नको असायची, कारण पत्र्याखाली बसलेला माणूस भाजून निघतो. ती पाळी बुद्धप्रियानं मागून घेतली. युवराज तिला 'मनोऱ्यावरची महाराणी' म्हणायला लागला. "महाराणी, वरून आमची दुपारची झोप दिसती का गं?" तो खालून ओरडायचा. "दिसती की. घोरणंबी ऐकू येतंय," ती वरून सांगायची.

त्याच दुपारच्या वेळेला कोंडीबा धनगर कुरणाच्या चराशी आला. चर म्हणजे कुरणाभोवती खणलेली खोल नाली. म्हाताऱ्याची पोरं मोठा कळप घेऊन लांब चराईला गेली होती. नुकत्या व्यायलेल्या थोड्या मेंढ्या आणि त्यांची कोकरं तेवढी त्याच्यापाशी मागं ठेवली होती, कारण ती लांब चालली नसती.

"लेकी, दोन घटका आतल्या सावलीला बसू दे," तो म्हणाला. "चारत न्हाय मी. कोकरं उन्हानं मरायलीत."

"न्हाय, आबा. माझं काम जाईल."

म्हातारा वाद न घालता चराच्या बाहेर उघड्यावरच बसला. घोंगडी काठीवर ताणून त्यानं कोकरांवर सावली धरली आणि स्वतः उन्हात राहिला. बाहेरच्या बाजूला पूर्वी लिंबाची रांग होती, ती रस्ता रुंद करताना गेली. दुसऱ्या दिवशीही तो तसाच बसला. त्या दुपारी एका कोकरानं पाय ताणले. बुद्धप्रिया पाळी संपवून धावत गेली, आपल्या बाटलीतलं पाणी त्याच्या तोंडाला लावलं. ते पाणी तोंडाच्या कडेनं खाली गळलं. कोंडीबानं कोकरू उचललं आणि घोंगडीच्या टोकात गुंडाळलं.

त्यानंतर तिनं त्याला आत सोडलं. कुरणाच्या पश्चिम भागात एक ओघळ आहे, तिथं करंजाची गर्द सावली असते. ओघळीच्या वरच्या अंगाला कुणीतरी जुन्या काळी मुरूम उकरून नेलेला खड्डा आहे. तिथं गवताची काडी उगवत नाही. अमरेश चौकीवर जेवायला जाई तेवढ्या वेळात कोंडीबा चराच्या फटीतून आत येई, ओघळीत वाघूर लावून, म्हणजे जाळीचं कुंपण उभं करून, त्यात कोकरं कोंडी आणि ऊन उतरेपर्यंत शेजारी पडून राही. मेंढ्या सावलीत एकमेकींच्या पोटाखाली तोंडं खुपसून उभ्या राहात. गवताला त्यानं तोंड लावू दिलं नाही, आणि आत असेतो बिडीही ओढली नाही. अमरेशला यातलं काही माहीत नव्हतं.

वैशाखातली ती दुपार. पश्चिमेकडच्या शिवारात कुणीतरी बांध पेटवला होता. पेरणीच्या आधी बांधावरचं वाळलं गवत जाळायची आमच्याकडे जुनी रीत आहे. माणूस काडी लावतो आणि वाऱ्याकडं न बघता घरी जातो. बुद्धप्रियाला आधी बारीक धूर दिसला. तिनं लगेच अमरेशला फोन लावला.

"दादा, पश्चिमंला धूर. बांध दिसतोय, पण वारा आपल्याकडं हाय."

"आलो. तू हालू नको. तू वर असलीस तर मला कळेल आग कुठं सरकतेय."

ती बोलत होती तेवढ्यात धुराचा बुडखा रुंद झाला आणि चर ओलांडून कुरणाच्या गवतात आला. आता तिची नजर धुरावर नव्हती, चराच्या फटीवर होती. कोंडीबा बाहेर पडायला हवा होता. धुराचा वास त्याला आला असेलच, मेंढरं बिथरली असतील, आता येईल, आता काठी दिसेल. काठी काही दिसेना. त्याच्याजवळ फोन नव्हता. तिनं ओठांशी हात धरून हाक मारली, "कोंडीबाआबा!" वारा तिच्याच तोंडावर होता. हाक मागं गेली.

अमरेश मोटारसायकलवरून आला. मागं युवराज, त्याच्या मांडीवर पानं उडवायचं यंत्र, आणि बाकीची पोरं लिंबाचे डहाळे घेऊन पळत. अमरेशनं आग एकदा पाहिली, वारा पाहिला आणि म्हणाला, "डहाळ्यानं विझत नाही ही. जाळरेषेवरून उलटा जाळ लावायचा."

उलटा जाळ म्हणजे येणाऱ्या आगीसमोर आपणच दुसरी आग लावायची. दोन्ही आगी मधलं गवत खात एकमेकींना भिडतात आणि खायला काही उरलं नाही की विझतात. जाळरेषेच्या पलीकडे, पूर्वेला, कुरणाचा मोठा भाग होता आणि त्याला लागून वस्ती. वस्तीत घराघरापुढं कडब्याच्या गंजी. वाऱ्यावर ठिणगी उडाली असती तर वस्ती राहिली नसती. म्हणजे मधला पश्चिमेचा पट्टा जाळणं भागच होतं. अमरेशनं खिशातून काडीपेटी काढली.

बुद्धप्रिया मनोऱ्यावरून खाली आली होती. अर्धी शिडी उतरून तिनं उडीच मारली होती.

"दादा, काडी ओढू नका."

"तू खाली का आलीस?"

"आत माणूस हाय."

अमरेशचा हात थांबला. "कोण माणूस?"

"कोंडीबाआबा. वघळीत. कोकरं घेऊन. मीच सोडलंय त्यास्नी, रोज सोडते."

अमरेशच्या तोंडून कानडी शब्द निघाले, ते कुणाला कळले नाहीत आणि कळायची गरजही नव्हती. मग तो मराठीत आला. "किती आत?"

"ढेंगभर. पळत गेलं की येते घिऊन."

"तू नाही. मी जातो."

"तुमाला जागा ठाव न्हाय. अन् उलटा जाळ लावायचा कुणी? युवराजनं?"

"मला जमंल की," युवराज म्हणाला, पण त्याचा आवाज फाटला होता.

अमरेशनं गळ्यातली शिट्टी काढून तिच्या हातात कोंबली. "ऐक, तंगी. म्हातारा घ्यायचा आणि दक्षिणेच्या चराकडून बाहेर पडायचं. जनावरं राहिली तर राहिली. बाहेर पडलीस की शिट्टी मारायची, लांब. शिट्टी ऐकल्याशिवाय मी काडी ओढत नाही."

"अन् आग जाळरेषेपर्यंत आली तर?"

"जा."

ती गुडघ्याएवढ्या गवतातून पळाली. कुसळं सलवारीतून मांड्यांत घुसत होती, ते तिला संध्याकाळी कळलं. ओघळीत उतरली तर करंजाखाली धूर दाटलेला. कोंडीबा वाघरीची दोरी सोडायला बघत होता आणि घाईनं ओढल्यानं गाठ आणखी बसत होती. झोपेतून उठायला त्याला उशीर झाला होता. मेंढ्या बाहेर पळायचं सोडून जाळीला चिकटून उभ्या होत्या, कारण पिल्लं जाळीच्या आत होती.

"आबा, चला! ठिवा ते!"

"न्हाय ठेवत."

"आबा, जळून मराल!"

"तू जा, लेकी. तू कशाला आलीस? जा म्हंतो न्हवं!"

तिनं दक्षिणेकडं पाहिलं. चराकडं जाणारी वाट गवतातून होती आणि आगीची एक जीभ त्या बाजूनं वळून पुढं गेली होती. म्हाताऱ्याला घेऊन, मेंढरं सोडूनसुद्धा, तिथून निघता आलं नसतं. पूर्वेला परत जाळरेषेकडं पळावं, तर तिच्या एकटीच्या पायांना ते जमलं असतं. कोंडीबाच्या पायांना जमलं नसतं.

वर मुरमाचा खड्डा होता.

तिनं दोरी तोंडाशी ओढली आणि गाठ दातांनी सोडवली. वाघरीचं जाळं कोकरांसकट गोळा केलं. "तिकडं धरा, आबा. वढा!" दोघांनी ते ओझं ओढत वर नेलं. आत कोकरं ओरडत होती, आणि त्यांच्या ओरडण्यामागं मेंढ्या आपोआप चढल्या. हाकायची गरज पडली नाही. खड्ड्यात सगळी कोंबली गेली. कोंडीबानं पाण्याची कॅन घोंगडीवर रिती केली.

ओल्या घोंगडीखाली शिरण्याआधी तिनं एकदा मान वर काढून पाहिलं. पश्चिमेची आग ओघळीच्या काठाशी आली होती. उत्तरेच्या अंगानं आगीचं दुसरं टोक मात्र त्यांना मागं टाकून थेट जाळरेषेच्या दिशेनं निघालं होतं. जाळरेषेवर अमरेशची खाकी दिसत होती. तो काडीपेटी हातात धरून उभा होता आणि तिच्या शिट्टीची वाट बघत होता. ती बाहेर पडेपर्यंत तो काडी ओढणार नव्हता. आणि ती बाहेर पडणार नव्हती.

तिनं शिट्टी तोंडात धरली आणि लांब वाजवली.

"कुणाला बोलावतीस?" कोंडीबानं विचारलं.

"कुणाला न्हाय, आबा. आत या. डोस्कं झाका."

तिकडं जाळरेषेवर युवराज ओरडला, "निगाली! भायेर निगाली ती!" अमरेशनं विचारलं, "कुठून आली शिट्टी?" वारा होता, धूर होता, कुणालाच नीट सांगता आलं नाही. पोरं म्हणाली, दक्षिणेकडून. अमरेश क्षणभर थांबला. मग त्यानं काडी ओढली आणि जाळरेषेच्या काठानं गवत पेटवत चालत गेला. युवराज मागून यंत्राच्या वाऱ्यानं जाळ आत ढकलत होता.

पुढचं मला तिघांनी तीन वेळा सांगितलं. त्यातलं कोंडीबाचं सांगणं सगळ्यात लहान: "भट्टीत भाकरी असती तसं." घोंगडीच्या कडा वाफाळल्या. मुरूम इतका तापला की बुद्धप्रियानं तळहात उचलून छातीशी धरले. एक मेंढी बिथरून खड्ड्याबाहेर उडी मारून गेली, ती परत आली नाही. वाघरीच्या तळाशी दबलेली दोन कोकरं धुरानं गेली. दोन्ही आगी त्यांच्या डोक्यापलीकडे भिडल्या तेव्हा एक मोठा आवाज झाला, आणि त्यानंतर आवाज उतरत गेला. बराच वेळ ती दोघं तशीच पडून होती. कोंडीबा मेंढ्यांना नावानं हाका मारत होता, आणि ज्या होत्या त्या उत्तर देत होत्या.

जाळरेषेवर पोरांनी एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या. वस्ती वाचली होती. अमरेश दक्षिणेच्या चराकडं बघत होता. "ती कुठाय?" तो म्हणाला. कुणाला माहीत नव्हतं. तो चराच्या कडेनं पळत सुटला, हाका मारत. तेवढ्यात युवराजनं काळ्या झालेल्या पट्ट्याच्या मधोमध बोट दाखवलं. तिथून धुरातून एक काठी वर आली, मग म्हातारा, मग मेंढ्या, आणि सगळ्यात मागं गळ्यात कोकरू घेऊन बुद्धप्रिया. ती बाहेरून येत नव्हती. ज्या पट्ट्याला अमरेशनं स्वतःच्या हातानं आग लावली होती, त्याच्या आतून येत होती.

अमरेश जागेवर खाली बसला. युवराज सांगतो, त्यानं दादाला असं बसलेलं आधी कधी पाहिलं नव्हतं. ती जवळ आली तरी तो उठला नाही. "शिट्टी," एवढंच म्हणाला आणि हात पुढं केला. तिनं शिट्टी त्याच्या हातात ठेवली.

संध्याकाळी चौकीवर अमरेशनं तिला बाजूला बोलावलं. उद्या वरचे साहेब पाहायला येणार होते. "मी सांगतो, म्हातारा चर ओलांडून स्वतःच घुसला," तो जमिनीकडं बघत म्हणाला. "तू फक्त त्याला काढायला गेलीस. तुझं काम राहील."

"मग आबांचं काय हुईल?"

"केस होईल. मेंढरं जप्त होतील."

"हायेत तेवढी समदी?"

"जी राहिलीत ती."

सकाळी साहेब आले, जळालेला पट्टा पाहिला, मुरमाचा खड्डा पाहिला, आणि विचारलं, "हा माणूस आत कसा आला?" अमरेश तोंड उघडायच्या आत बुद्धप्रिया म्हणाली, "मी सोडला, साहेब. रोज सोडत हुते. गार्डदादांना ठाव नव्हतं."

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिचे भाजलेले तळहात पाहिले आणि कुणालातरी मलम आणायला सांगितलं. मलम लावून झाल्यावर म्हणाले, "उद्यापासून तुला येता येणार नाही. मला यात दुसरं काही करता येत नाही." कोंडीबाला समज देऊन सोडलं. युवराजनं तिची सायकल गावापर्यंत हातानं ढकलत आणली, कारण तिला मूठ धरता येत नव्हती. वाटेत एकदाही तो तिला महाराणी म्हणाला नाही, आणि तिनंच शेवटी विचारलं, "काय रं, दातखीळ बसली का?"

कॉलेज त्या वर्षी झालं नाही. पारूबाई त्यावर कुणाशी बोलत नाही. माझ्याशी एकदाच बोलली. "पोरगी हाय माझी, गुरुजी," म्हणाली. "बाकी काय बोलू?"

चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात बुद्धप्रियाला काम लागलं. ती तिकडं राहायला जाणार त्याच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी होतो. अंगणात मोटारसायकल थांबली. अमरेश आला. साध्या कपड्यांत तो मला आधी ओळखूच आला नाही. पारूबाईनं त्याला खाट दिली, चहा टाकला.

"मला एक सांग," तो एकदम म्हणाला. "तुला माहीत होतं की तू आत आहेस. तरी शिट्टी मारलीस."

"वस्ती जळली असती, दादा. अन् मुरमावर गवत न्हवतं. मला वाटलं, राहू आमी."

"वाटलं. आणि नसता राहिलात तर? तो मुरूम थोडा कमी पडला असता तर?" त्याचा आवाज चढला नव्हता, उतरला होता. "काडी माझी होती, तंगी. मी घरी जाऊन जेवलो असतो त्या दिवशी. वस्ती वाचली म्हणून. दुसऱ्या दिवशी मला तुम्ही सापडला असता."

पारूबाई चुलीपाशी थांबली. मी पाहात होतो. बुद्धप्रिया उभी होती, तळहातांवर अजून गुलाबी कातडी.

"व्हय," ती म्हणाली. "वस्तीचा इचार केला, आबांचा केला. तुमचा न्हाय आला मनात. चुकलं माझं, दादा."

अमरेशनं मान हलवली. कपातला चहा गार झाला होता. तो त्यानं एका दमात प्याला आणि कप खाली ठेवला.

"भरतीला बसणार का?" त्यानं विचारलं.

"बसणार की."

"मग धावायला सुरुवात कर. पोरी तिथंच मागं पडतात." तो उठला, पारूबाईला नमस्कार केला, मला केला. मोटारसायकल चालू करून पुन्हा बंद केली. "आणि तळहात बरे होईपर्यंत कारखान्यात गरम यंत्रावर हात घालू नको. सांग त्यांना. गप्प बसू नको."

"मी कवा गप बसले?" बुद्धप्रिया म्हणाली.

तो हसला. आम्ही सगळ्यांनी त्याला हसताना पाहिलं, आणि मगच पारूबाईनं पुन्हा चुलीकडं तोंड फिरवलं.